सूत्र आणि सल्लागार: अमेरिकी विद्यापीठांतल्या आर्थिक मदतीची सत्तर वर्षं

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांमध्ये हुशार मुलांसाठी बोली लागायची. एका मुलाला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला, तर तिन्हीकडून शिष्यवृत्तीचे चढते आकडे यायचे आणि त्यात घरच्या गरजेचा विचार मागे पडायचा. हार्वर्डच्या आर्थिक मदत विभागाचं काम पाहणारे जॉन मन्रो यांना हे पटत नव्हतं. त्यांनी एक हिशेब मांडला. कुटुंबाचं उत्पन्न किती, कर किती जातो, खाणारी तोंडं किती, शिल्लक किती, हे पाहायचं आणि त्यावरून कुटुंब किती पैसे देऊ शकतं ते ठरवायचं. उरलेली रक्कम म्हणजे मुलाची खरी गरज. याच विचारावर १९५४मध्ये कॉलेज बोर्डाची ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ उभी राहिली. गुणांना बक्षीस देणं वेगळं आणि गरजेला मदत करणं वेगळं, हा भेद तेव्हापासून व्यवस्थेत रुजला. त्यासोबत एक नवा पेशाही रुजला, तो म्हणजे फायनान्शियल एड काउन्सेलरचा.

मन्रो पुढे हार्वर्ड कॉलेजचे डीन झाले. १९६७मध्ये ते पद सोडून ते अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, माइल्स कॉलेज या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या छोट्या संस्थेत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला गेले. गरजेचं सूत्र मांडणारा माणूस स्वतः गरजूंच्या वर्गात जाऊन उभा राहिला. या पेशाच्या इतिहासातलं हे पान फारसं कुणी उघडत नाही, पण त्याचं मोल मोठं आहे.

सरकारी पैसा आला तो रशियाच्या धास्तीने. १९५७मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून विद्यार्थ्यांना स्वस्त कर्ज द्यायला सुरुवात केली. खरा पाया मात्र ८ नोव्हेंबर १९६५ला घातला गेला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. त्यासाठी ते टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला गेले होते. ज्या कॉलेजात झाडलोट करून ते स्वतः शिकले, तिथेच ही सही झाली. पुढच्या वर्षी आर्थिक मदत अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७२मध्ये थेट अनुदान आलं. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ते आज ‘पेल ग्रँट’ म्हणून ओळखलं जातं. १९७३-७४मध्ये या अनुदानाची कमाल मर्यादा ४५२ डॉलर होती; २०२४-२५मध्ये ती ७,३९५ झाली. आकडा वाढला तरी त्याची ताकद घटली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सरकारी विद्यापीठातला राहण्या-जेवण्यासकटचा तीन-चतुर्थांशाहून अधिक खर्च या अनुदानात भागायचा. आज एक-तृतीयांशही भागत नाही. उरलेली फट कर्जाने भरायची, आणि ते कर्ज समजावून सांगायचं काम काउन्सेलरचं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कारकुनी वाटतं. अर्ज तपासायचा, कागद मागवायचे, मंजुरीचं पत्र पाठवायचं. प्रत्यक्षात समोर बसलेल्या मुलीचे वडील दोन महिन्यांपूर्वी कामावरून कमी झालेले असतात आणि अर्जातलं उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं असतं. २०२४-२५च्या अर्जात २०२२चं उत्पन्न धरलं जायचं. सूत्राच्या लेखी तिचं घर सुस्थितीतलं, पण घरात मात्र चूल कशी पेटवायची ही विवंचना. अशा वेळी काउन्सेलरला कायद्याने एक अधिकार दिलेला आहे. कागदोपत्री पुरावा घेऊन तो त्या एका विद्यार्थ्यापुरते हिशेबातले आकडे बदलू शकतो. नोकरी जाणं, आईबापांपैकी एकाचा मृत्यू, घटस्फोट, आजारपणाचा मोठा खर्च, ही त्याची नेहमीची कारणं. घरात मारहाण होते म्हणून बाहेर पडलेल्या मुलाला आईवडिलांच्या उत्पन्नाशिवाय स्वतंत्र धरण्याचा निर्णयही तोच घेतो. त्यासाठी मुलाला आपली कहाणी एका अनोळखी माणसाला सांगावी लागते आणि शिक्षकाचं किंवा समाजसेवकाचं पत्र जोडावं लागतं. ती कहाणी ऐकून, न ओशाळता पुढचे प्रश्न विचारणं हे या पेशातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही नियमपुस्तिकेत लिहिलेलं नाही.

याच खुर्चीवरून नकारही द्यावा लागतो. गुण घसरले, निम्म्या विषयांतून नाव काढून घेतलं, तर सरकारी मदत थांबते. सत्राचा साठ टक्के काळ पूर्ण होण्याआधी कॉलेज सोडलं, तर मिळालेल्या पैशाचा काही भाग परत जातो. विद्यार्थ्याला हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या पेशाला डागही लागला. २००७मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांच्या चौकशीत उघड झालं की काही कर्जकंपन्या विद्यापीठांच्या ‘पसंतीच्या’ यादीत आपलं नाव यावं म्हणून भेटी आणि मोबदले देत होत्या; काही अधिकाऱ्यांकडे तर कर्जकंपनीचे शेअर्स होते. ज्याच्या शब्दावर अठरा वर्षांचं मूल डोळे झाकून सही करतं, त्यानेच दुसरीकडून पैसे घेणं हा विश्वासघात होता. नियम कडक झाले. २०१०च्या जुलैपासून खासगी कंपन्यांमार्फत दिली जाणारी सरकारी हमीची कर्जं बंद होऊन ती थेट सरकारकडून मिळू लागली.

मदतीची पत्रं मात्र तशीच गोंधळाची राहिली. २०१८मध्ये न्यू अमेरिका आणि यूॲस्पायर या संस्थांनी शेकडो कॉलेजांची पत्रं तपासली. एकाच प्रकारच्या सरकारी कर्जाला त्यांना १३६ वेगवेगळी नावं सापडली, आणि त्यातल्या २४ नावांत तर ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता. पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या घरात ते पत्र बक्षिसासारखं वाचलं जातं. त्याचा खरा अर्थ फोडून सांगणारं कुणी नसेल, तर कळतं ते थेट हप्ते सुरू झाल्यावर.

या सगळ्या प्रवासातलं सर्वांत कठीण वर्ष २०२३-२४ होतं. फाफसा हा केंद्रीय मदतीचा एकमेव अर्ज. त्यात शंभरावर प्रश्न असायचे. टेनेसीचे सिनेटर लमार अलेक्झांडर तो लांबलचक अर्ज सभागृहात उलगडून दाखवत आणि सोपा करा म्हणून मागणी करत. २०२०च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला. प्रश्न पन्नासच्या आत येणार होते, उत्पन्नाची माहिती करखात्याकडून थेट येणार होती, अधिक गरिबांना पेल ग्रँट मिळणार होती. हेतू चांगलाच होता, पण अंमलबजावणी कोसळली.

दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज त्या वर्षी ३० डिसेंबरला उघडला, तोही थोडा वेळ चालू आणि मग बंद. २००० साली जन्मलेल्यांना अर्ज पुढेच जाऊ देत नव्हता. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, त्या मुलांचे अर्ज अडकले, आणि यातली कितीतरी मुलं जन्माने अमेरिकी नागरिक होती. महागाईचे तक्तेच अद्ययावत केलेले नाहीत हे नंतर लक्षात आलं. ते दुरुस्त केल्यावर विद्यार्थ्यांना एकूण १८० कोटी डॉलरची जास्त मदत मिळणार होती. त्यामुळे कॉलेजांना माहिती मिळायला मार्च उजाडला. मग मार्चअखेर कळलं की सुमारे दोन लाख नोंदींचा हिशेब चुकला आहे. सरकारी लेखापरीक्षण संस्थेने नंतर नोंदवलं की पहिल्या पाच महिन्यांत मदत केंद्रावर आलेल्या ५४ लाख फोनपैकी ४० लाख उचललेच गेले नाहीत.

ते न उचललेले फोन मग विद्यापीठांच्या कार्यालयांत वाजले. काउन्सेलरकडे द्यायला उत्तर नव्हतं, कारण त्याच्या संगणकावरही काही आलेलं नव्हतं. एरवी १ मेला संपणारी प्रवेशनिश्चितीची मुदत अनेक कॉलेजांनी १५ मे किंवा १ जूनपर्यंत लांबवली. वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी ३० एप्रिलला चक्क आणीबाणी जाहीर केली, जेणेकरून राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी फाफसाची अट स्थगित करता यावी. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४ लाख ३२ हजार अर्ज कमी आले होते. त्यातल्या किती मुलांनी कॉलेजचा विचारच सोडला, हे कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही. त्या वसंतात ज्यांनी शनिवारी-रविवारी कार्यालयं उघडी ठेवून पालकांच्या शेजारी बसून अर्ज भरून घेतले, त्यांचं ऋण अमेरिकी समाजाने मानायला हवं.

पुढच्या वर्षी अर्ज २१ नोव्हेंबरला आला, पण आधी टप्प्याटप्प्याने तपासून. २०२६-२७चा अर्ज २४ सप्टेंबर २०२५लाच, म्हणजे ठरल्या तारखेआधी उघडला. दरम्यान मार्च २०२५मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याचे जवळपास निम्मे कर्मचारी कमी झाले. जुलै २०२५च्या कायद्यानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना १ जुलै २०२६पासून बंद, आणि पालकांच्या कर्जाला एका मुलामागे वर्षाला २० हजार व एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा.

हे सगळं न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनाही लागू आहे, आणि तिथे गैरसमज भरपूर आहेत. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल, तर आईवडील एच-१बीवर असले तरी त्याला फाफसा भरता येतो. ग्रीन कार्ड असलेल्यालाही येतो. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलाला मात्र केंद्रीय मदत मिळत नाही, मग ते बालवाडीपासून तिथेच शिकलेलं का असेना. हा नियम अन्यायकारक आहे. पुण्या-नागपुरातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनाही फाफसाचा उपयोग नाही. त्यांची भिस्त विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशावर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था पदवीच्या प्रवेशात परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करतात आणि गरजेइतकी मदत देतात.

तेव्हा मराठी पालकांनो, अर्ज लवकर भरा. मंजुरीच्या पत्रातली प्रत्येक रक्कम अनुदान आहे की कर्ज, हे लेखी विचारून घ्या. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, तर संकोच न करता विद्यापीठाच्या कार्यालयात फेरविचाराचा अर्ज द्या. तो विचारात घेण्याचा अधिकार काउन्सेलरला कायद्याने दिलेला आहे, आणि अर्ज आल्याशिवाय त्याला तो वापरता येत नाही.