वलंदेज आणि डिंगमार : दोन भाषांचा नकाशा

जुन्या मराठी कागदपत्रांत 'वलंदेज' आणि 'डिंगमार' हे दोन शब्द भेटतात. वलंदेज म्हणजे डच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, फरासीस यांच्या बरोबरीने या दोघांचीही गणना 'टोपीकरां'त केली आहे. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत. पण गंमत अशी, की हे दोन्ही शब्द आपण डचांकडून किंवा डॅनिशांकडून घेतले नाहीत. ते आले पोर्तुगीजांच्या तोंडून.

भूगोलाच्या तासाला मी कॅडेटना विचारतो, "डच भाषा कुठे बोलतात?" सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "हॉलंड!" "आणि डॅनिश?" "डेन्मार्क!" उत्तरे चूक नाहीत, पण अपुरी आहेत. या दोन्ही देशांची जहाजे अर्धे जग फिरली. मग त्यांच्या भाषा कुठे रुजल्या आणि कुठे पुसल्या गेल्या?

आधी डच पाहू. ही मातृभाषा असलेले लोक सुमारे २.५ कोटी. त्यातले बहुतेक नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये राहतात. फ्लँडर्स हे नाव सैनिकी शाळेत माहीत असायलाच हवे. १९१४ साली होलेबेके या तिथल्याच गावाजवळ लढताना खुदादाद खान यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक. जवळच्या ईपर शहरातल्या मेनिन गेट स्मारकावर अनेक भारतीय जवानांची नावे कोरलेली आहेत.

युरोपबाहेर डच ही राजभाषा आहे दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे राहिले आणि सुरीनाम डचांकडे. न्यूयॉर्कमध्ये डच भाषा संपली. ब्रुकलिन, हार्लेम अशी नावे तेवढी उरली. सुरीनाममध्ये मात्र शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये डचमध्ये चालत राहिली. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी भाषा टिकली. कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा, कुरासाव या बेटांवरही डच राजभाषा आहे, पण तिथल्या घराघरांत पापियामेंटो बोलतात.

दक्षिण आफ्रिकेत वेगळेच घडले. १६५२ मध्ये केप इथे डचांचे ठाणे पडले. तिथे वसलेले शेतकरी, आशियातून आणलेले गुलाम आणि स्थानिक लोक यांच्या तोंडी डच बदलत गेली आणि तिची आफ्रिकान्स झाली. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा मान मिळाला. आज ती सुमारे ७० लाख लोकांची मातृभाषा आहे.

आता इंडोनेशियाकडे या. डचांची सर्वांत मोठी वसाहत हीच. पण डचांनी तिथला रोजचा कारभार बव्हंशी मलय भाषेतच चालवला. डच शाळेत जायला मिळाले ते मूठभरांना. त्यामुळे राज्य गेले, तशी भाषाही गेली. मागे उरले ते सुटे शब्द : कचेरीला 'कांतोर', टॉवेलला 'हांडुक'.

डॅनिशचा नकाशा लहान आहे. डेन्मार्कचे सुमारे ६० लाख लोक आणि सीमेपलीकडे जर्मनीतला एक अल्पसंख्य समाज ती बोलतो. फेरो बेटांवर घरात फेरोईज आणि शाळेत डॅनिशही. ग्रीनलंडमध्ये २००९ पासून ग्रीनलँडिक हीच राजभाषा आहे, तरी उच्च शिक्षणात आणि कचेऱ्यांत डॅनिश वापरतात. आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाले, पण तिथली मुले आजही शाळेत डॅनिश शिकतात.

कॅरिबियनमधली तीन बेटे डेन्मार्कने १९१७ मध्ये अमेरिकेला विकली. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे तिथे डॅनिश झेंडा होता, पण मळ्यांचे मालक बरेचसे डच होते. म्हणून मळ्यांवरचे गुलाम डचमधून घडलेली मिश्र बोली बोलत. पुढे इंग्रजीने तीही पुसून टाकली.

भारतातही हेच दिसते. १६२० पासून तमिळनाडूतले तरंगमबाडी डॅनिशांकडे होते. १८४५ मध्ये त्यांनी ते आणि बंगालमधले श्रीरामपूर इंग्रजांना विकले. तरंगमबाडीला डान्सबोर्ग किल्ला उरला, डॅनिश भाषा उरली नाही. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला आणि १७०६ मध्ये तिथे पोहोचलेला जर्मन धर्मोपदेशक झिगेनबाल्ग स्वतःच तमिळ शिकला. त्याने तमिळ पुस्तके छापली.

१७४१ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांनी कोलाचेलच्या लढाईत डचांचा पराभव केला. पकडलेला डच कंपनीचा अधिकारी द लानॉय पुढे त्रावणकोरच्या फौजेचा सेनापती झाला. उदयगिरी किल्ल्यात त्याची कबर आहे. तिच्यावरचा लेख लॅटिन आणि तमिळमध्ये आहे, डचमध्ये नाही.

याच्या उलट १८७३ पासून कलकत्त्याहून सुरीनामला गेलेल्या भारतीय मजुरांकडे ना तोफ होती, ना झेंडा. पहिल्या जहाजाचे नाव लाला रूख. ही माणसे बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली. त्यांच्या भोजपुरी आणि अवधीतून 'सरनामी' घडली. दीडशे वर्षांनंतरही त्यांचे वंशज ती बोलतात, आणि शाळेत डचही शिकतात.

म्हणजे नुसत्या सत्तेने भाषा रुजत नाही. ती जिथे घरात, शाळेत आणि रोजच्या कामात वापरली जाते, तिथे टिकते. आपल्या सैन्याला हे चांगले ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला अधिकारी केरळचा असो वा पंजाबचा, तो जवानांशी मराठीत बोलायला शिकतो. कॅडेट मित्रांनो, उद्या तुमची नेमणूक कुठेही होईल. तिथल्या माणसांची भाषा मनापासून शिका. आणि घरी फोन कराल, तेव्हा आईशी मराठीतच बोला.