काटा आधी, कामं नंतर

जळगावच्या सराफाकडे आपण विश्वासानं सोनं घेतो. त्या विश्वासामागे दुकानाचं नाव असतं, तसा काटाही असतो. ठरावीक मुदतीनं तो तपासला जातो, त्यावर वैधमापनाचा शिक्का बसतो. पत्रा कापणाऱ्या लेसर यंत्राकडेही मी असंच पाहतो. ते दहाजणांच्या वापराचं असेल, तर त्याचा काटा अधिकच जपायला हवा.

सामायिक कार्यशाळा आपल्याला नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या सहकार्यानं २००२ मध्ये तिथं ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. याच जिल्ह्यातल्या बारामतीत जन्मलेल्या डॉ. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. पुढे कारखान्यांत पत्रा कापायला तो वर्षानुवर्षं वापरला गेला. आता हे काम बहुतेक ठिकाणी फायबर लेसर करतो.

धुळे-जळगावकडच्या लहान कारखानदारांसाठी मी अशा यंत्रांची देखभाल पाहतो. डाळ मिलची जाळी असो की शेतीच्या अवजाराची पट्टी, भोक अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं की पत्रा भंगारात जातो. त्या एका पत्र्यात लहान माणसाची दिवसाची कमाई बुडते.

कापाच्या खालच्या कडेला धातूचे थेंब चिकटू लागले, की लोकांना वाटतं लेसर संपला. बहुतेक वेळा तसं नसतं. आधी भिंगाखालची संरक्षक काच पाहावी. तिच्यावर धुराचा डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं ती पुसावी, नाहीतर बदलावी. मग नोझल. त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावून कमी शक्तीचा एकच झटका द्यावा. पट्टीवरचं भोक नोझलच्या मध्यावर हवं. ते बाजूला पडलं, तर एका दिशेचा काप स्वच्छ येतो आणि दुसऱ्या दिशेचा खराब. त्यानंतर भिंग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं वर-खाली करत रेघा मारून पाहाव्यात. सर्वात बारीक रेघ जिथं उमटते, तिथं झोत नेमका एकवटतो.

आता माप. १०० आणि ५०० मिलिमीटरचे दोन चौकोन कापा आणि मोजा. दोन्ही ०.२ नं कमी भरले, तर तेवढी जागा झोतानं खाल्ली; संगणकात दर बाजूला ०.१ ची भरपाई द्या. पण लहान चौकोन ०.२ नं आणि मोठा पूर्ण १ मिलिमीटरनं कमी भरला, तर दोष झोताचा नाही, सरकणाऱ्या अक्षाच्या मापाचा आहे. शेवटी कर्ण मोजा. ते सारखे नसतील, तर यंत्र गुण्यात नाही.

खानदेशात आणखी दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, आणि लेसरला थंड पाणी सतत लागतं. त्यात जिनिंगच्या हंगामात उडणारा कापसाचा तंतू चिलरच्या जाळीवर बसतो. म्हणून ती जाळी दर आठवड्याला साफ करावी. पावसाळ्यात मात्र पाणी फार गार ठेवू नये, नाहीतर काचांवर दव धरतं.

एक गोष्ट कधीही टाळू नका. फायबर लेसरचा झोत डोळ्यांना दिसत नाही, पण थेट पडद्यापर्यंत पोचतो आणि तो जाळतो. दरवाजाचं सुरक्षा-कुलूप काढून यंत्र चालवू नये. त्या लहरीसाठीचाच चष्मा वापरावा. साधा काळा चष्मा कामाचा नाही. आतली वीजजोडणी आणि लेसरचा मूळ स्रोत मात्र जाणकारानंच उघडावा.

बाकीची कामं तुमच्या हाताची आहेत. यंत्राजवळ एक वही टांगा. तारीख, चौकोनाचं माप, काच कधी बदलली, हे तिच्यात लिहा. पुण्या-नाशिकहून मिस्त्री येईपर्यंत यंत्र बंद ठेवणं दहाजणांना परवडत नाही. ही वही असली, की निम्मे बिघाड येण्याआधीच कळतात.