आज्ञावलीकाराचा व्यवसाय

संगणकाच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणांची व त्यांच्या पालकांची सर्वसाधारण समजूत अशी असते की, पायथॉन, जावा किंवा तत्सम एखादी संगणकीय भाषा अवगत झाली म्हणजे प्रोग्रामर, अर्थात आज्ञावलीकार, तयार झाला. वस्तुतः भाषा येणे ही या व्यवसायातील सर्वांत सुलभ गोष्ट असून, बुद्धीचा खरा कस लागतो तो माणसांच्या व्यवहारातील संदिग्धता हेरून तिचा निर्णय लावण्यात.

आपल्याकडील जमिनीच्या दफ्तराचेच पाहा. खातेदार मयत झाला, वारसांनी अर्ज दिला, तलाठ्याने गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीची १५ दिवसांची मुदत सरली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, म्हणजे सातबारावर नावे बदलतात. हा कारभार कागदावर पिढ्यान् पिढ्या चालला, कारण नियमात जे लिहिलेले नसे ते कारकुनाच्या अनुभवातून भरून निघत असे. तो संगणकावर आणणाऱ्याला ती सवलत नाही. मुदतीच्या अखेरच्या दिवशी सुट्टी आली तर काय, एकाच वारसाने हरकत घेतली तर काय, एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार निघाले तर काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला आगाऊ लिहून ठेवावे लागते, आणि ते ठाऊक नसेल तर महसुलातल्या जाणत्या माणसाला चिकाटीने विचारून मिळवावे लागते. हे विचारणे शिकवण्याकडे आपल्या शिकवणीवर्गांत फारच थोडे लक्ष दिले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

गृहीतक नजरेआड झाले की केवढा अनर्थ ओढवतो, हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे दिसले. एरियान ५ हा युरोपचा नवा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या एरियान ४ वरून उचललेली होती. जुन्या अग्निबाणाचा आडवा वेग बेताचा असल्यामुळे त्यावरून निघणारी संख्या सोळा बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावत असे. नव्याचा वेग अधिक निघाला, संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली, आणि राखीव ठेवलेल्या यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही त्याच कारणाने निकामी झाली. विशेष म्हणजे, ज्या गणनेपायी हे घडले तिची अग्निबाणाने जमीन सोडल्यानंतर गरजच उरत नव्हती. जुन्या अग्निबाणावर बिनचूक चाललेली ही आज्ञावली नव्याचा मार्ग देऊन तपासलीच गेली नव्हती.

कोड यंत्रच लिहू लागल्यावर या व्यवसायाचे काय होईल, असा प्रश्न येथे उभा राहतो; पण लेखनाचे श्रम यंत्राने उचलणे नवे नाही. १९५७ साली आयबीएमच्या जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही संगणकीय भाषा आणली, तेव्हा यंत्राचे संकेत हाताने मांडण्याचा खटाटोप पुष्कळच सरला. परंतु प्रोग्रामर घटले नाहीत, उलट अधिक मोठी कामे हाती घेता येऊ लागल्याने त्यांची संख्या वाढतच गेली. आता साध्या वाक्यातील सूचनेवरून कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते. हा बदल मी क्षुल्लक मानत नाही. ज्या ठराविक, किरकोळ कामांवर नवशिक्यांचा हात बसे, तीच आधी यंत्राकडे जात असल्याने पहिली नोकरी मिळवणे पूर्वीपेक्षा अवघड होईल, असे माझे मत आहे. तथापि, यंत्राने लिहिलेला मजकूर दिसायला निर्दोष असला तरी तो कोणत्या परिस्थितीत टिकेल याचा जिम्मा माणसालाच घ्यावा लागणार, आणि तसा जिम्मा घेऊ शकणाऱ्याची किंमत वाढेल.

म्हणून या वाटेने जाणाऱ्याने गणितातील तर्कशास्त्र पक्के करावे, बँकेचा हिशेब, रुग्णालयाचे दफ्तर किंवा बाजार समितीचा व्यवहार यांपैकी एखाद्या क्षेत्राची खोलवर माहिती करून घ्यावी, आणि मुख्यतः दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या वाचाव्यात. लिनक्ससारख्या प्रणालीचा कोड कोणालाही पाहण्यास खुला आहे. त्यातील किंवा त्याहून सोप्या एखाद्या खुल्या आज्ञावलीतील लहानसा भाग घ्यावा, त्याच्या लेखकाने काय काय गृहीत धरले आहे याची यादी करावी, आणि त्यांतील कोणते गृहीतक मोडले असता तो भाग कोसळतो, ते संगणकावर प्रत्यक्ष चालवून पाहावे.