तापीचा पूर आणि सर्व्हरचा ट्रे

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग जलमय झाला. पूर्वी अशा प्रसंगी दप्तराचे गठ्ठे माडीवर नेता येत. आता दप्तर सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर असते. ती यंत्राच्या पोटात स्क्रूंनी जखडलेली असेल, तर ऐनवेळी सोडवणार कोण? दर्शनी बाजूच्या ट्रेमध्ये बसवलेली डिस्क खटका दाबताच सरकून हाती येते. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. अर्थात, अनेक डिस्कवर विभागलेली माहिती त्यांतील एक उचलून वाचत नाही. यंत्र बंद करून सगळ्या, क्रमांकानिशी, काढाव्या लागतात. तापीकाठच्या कार्यालयांनी खरेदीपूर्वी हा ट्रे आपल्या शिपायाकडून एकदा काढवून पाहावा.