लक्ष्यांक कुणाचा, गरज कुणाची?

कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम शासकीय पातळीवर हाती घेणाऱ्या देशांत भारत अग्रणी ठरला, ही गोष्ट 1952 सालची. त्याच्या तीन दशके आधी, 1921 मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि या कार्यापायी प्राध्यापकीवर पाणी सोडले होते. स्त्रीची तिच्या इच्छेविरुद्धच्या मातृत्वातून सुटका व्हावी, ही कर्व्यांची तळमळ. लोकसंख्येची वाढ रोखावी, हा शासनाचा हेतू. साधने जवळपास तीच होती. परंतु हेतू बदलला की साधनांचा वापरही बदलतो.

शासनाने लक्ष्यांक ठरविले. ते दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून तालुक्याकडे उतरत गेले. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी व कारकून यांनी 'केसेस' आणाव्यात म्हणून पगार रोखण्याचे प्रकार अनेक राज्यांत घडले. ती पिढी आज निवृत्त आहे. पण 'केस' हा शब्द मात्र सेवेत कायम आहे. 1996 मध्ये लक्ष्यांकांची पद्धत अधिकृतरीत्या रद्द झाली, तरी नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने अवघ्या काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावे लागले.

असे का होते, याचा उलगडा अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने होतो. जे मोजले जाते त्याचेच उत्पादन होते. शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते. स्त्रीला नेमके काय होत होते, ते कुणी विचारलेच नसेल तर मोजता येत नाही.

ते विचारण्याचे काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय जगाला हादरविणारे होते. 92 टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार होता. एकेका स्त्रीमागे सरासरी 3.6 विकार. आणि याआधी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के. त्याच काळात शासनाची यंत्रणा या स्त्रियांपर्यंत मुख्यतः शस्त्रक्रिया आणि तांबी घेऊन जात होती. अंगावरून पांढरे जाते, पाळीत असह्य दुखते, मूल राहत नाही, या तक्रारींसाठी तिच्या नोंदवहीत रकानाच नव्हता. ज्या बाईच्या दुखण्याकडे पाहायला कुणी आले नाही, तिने पाळणा थांबविण्याचा सल्ला मात्र निमूटपणे मानावा, ही अपेक्षा चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

याच संस्थेने पुढे रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे मार्मिक होती. इमारती मोठ्या, त्यात वाट चुकते. पांढऱ्या कपड्यांतील माणसांची भीती वाटते. नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत. मग रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे झोपड्यांचे झाले, आप्तांना राहण्याची सोय झाली आणि नावही त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे ठेवले गेले. लोकसहभाग म्हणतात तो हा. कार्यक्रम ठरून गेल्यावर टाळ्या वाजविण्यास गाव गोळा करणे म्हणजे सहभाग नव्हे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम आरंभले, तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या गावांची निकड औषधांआधी पाणी आणि अन्न ही होती. तेथूनच सुरुवात झाली. गावांनी निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या बनल्या. मात्र 'गाव' हा शब्दही जपून वापरावा लागतो. ग्रामसभेत रस्त्याविषयी बोलता येते, गर्भपाताविषयी नाही. चावडीवर पुरुष बोलतात आणि सून ओट्याआड उभी राहते. म्हणून या विषयात सहभागाची जागा चावडीपेक्षा स्त्रियांच्या बैठकीत आणि घरोघर जाणाऱ्या, विश्वासातल्या बाईच्या पायरीवर असते.

2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने हीच कल्पना 'आशा' या नावाने देशभर नेली. परंतु तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. राज्याने दरमहा काही निश्चित रक्कम जोडली, तरी ती कागदोपत्री स्वयंसेविकाच राहिली. नसबंदीस प्रवृत्त केल्याचा मोबदला ठरलेला. एखाद्या सुनेचे दुखणे तासभर ऐकून घेतल्याचा मात्र दर नाही. लक्ष्यांक पुढल्या दाराने गेला आणि मागल्या दाराने परतला, तो असा. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. 2023 मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले.

याउलट, 2007 पासून महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत सुरू झालेला लोकाधारित देखरेखीचा प्रयोग अधिक मोलाचा होता. गावाच्या समितीने आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी त्याची उत्तरे द्यायची. नर्सबाई येतात का, प्रसूतीसाठी पैसे मागितले जातात का, औषध बाहेरून आणावे लागते का, असे साधे प्रश्न. येथे मोजणारा हात बदलला, हेच खरे महत्त्वाचे.

आणि पुरुष? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीची शस्त्रक्रिया झालेल्या केवळ 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता होणारी आणि कमी धोक्याची. तरी 1976 च्या धास्तीनंतर कोणत्याही सरकारला पुरुषाच्या दारावर नेटाने थाप मारण्याचे धाडस झाले नाही. आशाताई घरात शिरते ती स्त्रीशी बोलायला. नवरा बाहेर ओसरीवर बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.