गजाआडचा हिशेब : कॅन्टीनचा भाव

पॅरोल आणि फर्लो यांतला फरक या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. मुलाकातीवरच्या मागच्या भागानंतर एक प्रश्न आला. प्रश्न साधा आहे, पण त्याला बगल देऊन पुढे जाता येईना. सरकार जेवण देतं, अंथरूण-पांघरूण देतं, मग कैद्याला पैसे लागतात कशाला? लागतात ते साबणाला, तेलाला, टूथपेस्टला, बिस्किटाच्या पुड्याला आणि घरी फोन करायला. यात कुणी कुणावर मेहेरबानी केलेली नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ३१ व्या कलमानेच खटला चालू असलेल्या कैद्याला स्वतःच्या पैशाने अन्न, कपडे आणि गरजेच्या वस्तू विकत घेण्याची मुभा दिली. पण लगेच पुढचं ३२ वं कलम सांगतं की, अशा कैद्याने आपल्याकडची वस्तू दुसऱ्या कैद्याला द्यायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि विकायचीही नाही. शिस्तीच्या दृष्टीने यात काही गैर नाही. नाहीतर बराकीत सावकारी सुरू व्हायला वेळ लागत नाही. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. भूम तालुक्यातल्या ईटच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने साबणाला दोन रुपये जास्त लावले, तर गिऱ्हाईक पिशवी उचलून शेजारच्या दुकानात जातं. तुरुंगात कॅन्टीनला शेजारचं दुकान नाही आणि ते निघू नये अशी तजवीज कायद्यानेच केलेली आहे. मक्तेदारी जर कायद्याने निर्माण झाली असेल, तर तिथल्या भावाची जबाबदारीही कायद्यावरच येते. आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आपल्याकडे चर्चा मात्र भावाची होत नाही, खर्चाच्या मर्यादेची होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका नटाच्या मुलाला आर्थर रोड तुरुंगात ४,५०० रुपयांची मनीऑर्डर आली आणि महिन्याला एवढेच पैसे घेता येतात हे साऱ्या महाराष्ट्राला समजलं. ती मर्यादा पुढे वाढली. २०२४ च्या आरंभी राज्यातल्या तुरुंगांच्या कॅन्टीनची यादी १७३ वस्तूंपर्यंत गेली, तेव्हा पाणीपुरी आणि आइस्क्रीम यांचे मथळे झाले. कैद्यांची चैन झाली म्हणून नाकं मुरडणारेही निघाले. त्या १७३ वस्तूंचे भाव कोण, कशावरून ठरवतो, हा प्रश्न त्या गदारोळात कुठे दिसला नाही. मर्यादा वाढवणं म्हणजे पिशवी मोठी करणं. तिच्यात माल किती येणार ते भाव ठरवतो.

हे पैसे येतात कुठून? ऑगस्ट २०२३ च्या वाढीनंतर महाराष्ट्रात बंद कारागृहातल्या अकुशल कैद्याला दिवसाला ५३ रुपये आणि कुशल कैद्याला ७४ रुपये मिळू लागले. म्हणजे त्या साडेचार हजारांसाठी अकुशल कैद्याने पंच्याऐंशी दिवस राबायला हवं. १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला द्या असं सांगितलं, पण अन्नवस्त्राचा खर्च त्यातून वजा करण्याची वाटही मोकळी ठेवली. आणि ही मजुरी मुख्यतः शिक्षा झालेल्यांची गोष्ट. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. त्यांच्या खात्यावर जमा होणारा रुपया बहुतेक वेळा घरून निघतो. ईटहून तो मनीऑर्डरने धाराशिवच्या जिल्हा कारागृहात जायचा, तर दर वीस रुपयांना एक रुपया ही टपालखात्याची वर्षानुवर्षांची आकारणी आहे. दोन हजारांना शंभर रुपये पहिल्याच खिडकीवर गेले. आईने स्वतः मुलाकातीला जायचं ठरवलं, तर एसटीत तिला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर प्रवास फुकट. भेटीच्या वाटेवर सरकारला तिची गरिबी दिसते; तीच गरिबी साबणात आणि फोनच्या मिनिटात का दिसू नये?

पहिला आक्षेप असा की, पुड्यावर छापील किंमत असतेच, मग आणखी नियंत्रण हवं कशाला? पण छापील किंमत म्हणजे कमाल किंमत. बाहेर स्पर्धेमुळे कितीतरी माल तिच्याखाली विकला जातो. जिथे स्पर्धा नाही, तिथे कमाल हीच किमान होऊन बसते. शिवाय ती फक्त आवेष्टित मालावर छापतात. भज्याच्या प्लेटवर, उकडलेल्या अंड्यावर आणि फोनच्या मिनिटावर कोण छापणार? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नफा झाला तरी तो कैद्यांच्याच कल्याणासाठी वापरता येतो. युक्तिवाद गोड आहे, पण ही गरिबातल्या गरिबावरची पट्टी झाली. वाचनालयाचे पंखे अंदाजपत्रकातून यावेत, कुणाच्या तरी आईच्या मनीऑर्डरीतून नव्हे. आणि विक्री वाढली की ज्याचा निधी फुगतो, त्याच्याच हाती भाव ठरवण्याचं काम देऊ नये, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

यातून काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे फोन कंपन्या तुरुंगाला कमिशन देत आणि ज्याचं कमिशन जास्त त्याला कंत्राट मिळे. स्पर्धा होती, पण उलट्या दिशेने: भाव जितका चढा, तितकी निविदा आकर्षक. वॉशिंग्टनच्या मार्था राइट-रीड या दृष्टिहीन आजीने दूरच्या तुरुंगातल्या नातवाशी बोलण्याच्या बिलांवरून २००३ मध्ये दूरसंचार आयोगाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये त्या वारल्या; त्यांच्या नावाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. २०२४ मध्ये आयोगाने मोठ्या तुरुंगांसाठी मिनिटाला सहा सेंटची मर्यादा घातली आणि कमिशनवर बंदी आणली. २०२५ मध्ये त्याच आयोगाने अंमलबजावणी आधी पुढे ढकलली आणि मग मर्यादाही वाढवली. एका हाताने घातलेली मर्यादा दुसऱ्या हाताने सैल होते, हे ध्यानात ठेवावं. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून आपल्या राज्य तुरुंगांतले फोन फुकट केले आणि २०२४ पासून कॅन्टीनमधल्या मालावर खरेदीपेक्षा पस्तीस टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही असा नियम केला. पस्तीस टक्के मला जास्तच वाटतात, पण आकडा कागदावर आहे, भांडायला जागा आहे.

फोनच्या बाबतीत सुरक्षेचा आक्षेप येतो. क्रमांक तपासावे लागतात, संभाषण नोंदवावं लागतं, त्याचा खर्च कुणी सोसायचा? ज्याने भिंत बांधली त्याने. भिंतीचा खर्च आपण मुलाकातीला आलेल्यांकडून घेत नाही. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डवरचे फोन आले, त्यामागे चोरून आत येणाऱ्या मोबाइलना आळा घालणं हाही हेतू होता. तो साधायचा तर अधिकृत मिनिट स्वस्तच हवं; सरळ वाट महाग केली की आडवाट वाहती राहते.

करायला फार लागत नाही. मुलाकातीच्या खोलीबाहेर, जिथे घरचे लोक रांगेत बसतात, तिथे भावफलक लावावा: खरेदीची किंमत, विक्रीची किंमत, फोनच्या मिनिटाचा दर. कंत्राटात कमिशनचं कलम नसावं आणि फलकाची तपासणी तुरुंगाबाहेरच्या माणसाने करावी. हा बाहेरचा माणूस कोण, यावरून अभ्यागत मंडळांचा विषय निघतो आणि तो पॅरोलच्या आधी घ्यावा लागेल असं दिसतं. पॅरोलची वाट पाहणाऱ्यांनी आणखी एक आठवडा सोसावा.