मगे काय झाला?

चित्रकथी देवळाच्या मंडपात जमिनीवरच बसायचा. पुढ्यात फडक्यातून सोडलेली पोथी, हातात वीणा, साथीला हुडुक आणि टाळ. आधी गणपती, मग शारदा, आणि त्यानंतर कथेतलं पहिलं चित्र उभं राहायचं: एका अंगाने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, आभाळभर बाण. गाता गाता तो चित्रावर बोट ठेवून कोण कोणाला काय म्हणालं ते सांगायचा. मग पान उलटायला हात घालायचा आणि थांबायचा. उगाचच. टाळाचे चार ठोके जास्त. तेवढ्यात माझ्या शेजारचे आबा गुडघ्यावर सरकत पुढे व्हायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "मगे काय झाला?"

आबांना काय झालं ते पाठ होतं. रावण मरतो, सीता परत येते, हे त्या मंडपात माहीत नसणारं कोणी नव्हतं. आईच्या मांडीवरची पोरंसुद्धा नाही. तरी ते विचारायचे, दरवर्षी, त्याच जागी.

ही कला पिंगुळीची. कुडाळजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगतचं गाव, आणि त्यातली ठाकर समाजाची वस्ती. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने इथल्या ठाकरांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याचा प्रकार मात्र त्याहून कितीतरी जुना. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये अशा कथेकऱ्यांचा उल्लेख येतो. पोथीची घडणही मजेशीर. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. म्हणजे जे चित्र तुम्ही बघताय, त्याच कागदाच्या पाठीला पुढचा प्रसंग चिकटलेला असतो. पुढचा प्रसंग लांब कुठे नाहीच, कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर आहे. फक्त दिसत नाही.

आबांचं कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. १९९४ साली जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने कुतूहलाविषयी एक मोठा निबंध लिहिला. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय, त्यांच्यातली फट जाणवली की माणसाला खाज सुटल्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं. यातली गंमत अशी की फट दिसायला दोन्ही काठ हवेत. ज्याला काहीच माहीत नाही त्याला एकही काठ दिसत नाही, म्हणून त्याला प्रश्नही पडत नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने हे तपासून पाहिलं. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले, उत्तराची किती खात्री आहे आणि उत्तर कळण्याची किती उत्सुकता आहे, हे दोन्ही विचारलं. ज्यांना अजिबात अंदाज नव्हता ते थंड, पक्की खात्री होती तेही थंड. "येतंय, येतंय, ओठांवर आहे" अशा अर्ध्या खात्रीच्या लोकांची उत्सुकता सगळ्यात जास्त. आणि अशा उत्सुकतेने विचारलेल्या प्रश्नाचा अंदाज चुकला, तर खरं उत्तर एक-दोन आठवड्यांनीही जास्त चांगलं लक्षात राहिलं.

म्हणजे कुतूहल हे अज्ञानाचं लेकरू नव्हे, अर्धवट ज्ञानाचं आहे. आपल्याकडे अर्धवट हा शब्द शिवीसारखा वापरतात, तो जरा जपून वापरायला हवा.

दुसरा प्रयोग मला अधिक आवडतो. २०१४ साली डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात माथियास ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी लोकांना प्रश्न दिला, उत्तरासाठी काही सेकंद ताटकळत ठेवलं, आणि त्या ताटकळीत मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. चेहऱ्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरी ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती, त्यांच्या मधल्या वेळात दिसलेले चेहरे लोकांना नंतर जास्त ओळखता आले. बक्षिसाची चाहूल लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच इथेही जागा झालेला होता. दार उघडलं होतं पाहुण्यासाठी, आणि त्याच्यामागून रस्त्यावरचं कोणीही आत येऊन बसलं, तसं. हे वाचलं आणि लख्ख कळलं की त्या मंडपातला शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास, समईच्या काजळीचा वास, आबांच्या खांद्यावरच्या पंच्याची भोकं, हे सगळं मला आजही का आठवतं. पान उलटायच्या आधीच्या त्या चार ठोक्यांत ते आत शिरलं.

पण आबांचा प्रश्न अजून उरतोच, कारण त्यांना उत्तर ठाऊक होतं. मला वाटतं त्यांची फट वेगळी होती. काय होणार हे नव्हे, तर हा कसं करणार, हे त्यांना पाहायचं होतं. कुंभकर्ण यंदा कसा उठवतो? इंद्रजिताची बायको यंदा रडवते का? "मगे काय झाला" हा प्रश्न वरवरचा, त्याच्या पाठीला चिकटलेला दुसरा प्रश्न होता: ह्या कसा केला?

हे दोन प्रश्न मी मुद्दाम वेगळे धरतो. पहिल्यावर टीव्हीच्या मालिका चालतात, मोबाइलवरच्या बातम्यांचे मथळे चालतात, शेजारणीची चौकशी चालते. मराठीने त्याला भोचकपणा, चोंबडेपणा अशी नावं उगाच नाही दिली. उत्तर मिळालं की तो मरतो. दुसऱ्याचं मात्र उत्तर मिळालं की त्याला पिल्लं होतात.

अभ्यासकांच्या दुनियेतही असंच झालेलं दिसतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आणि इतरत्र अशा चित्रांचे संच आहेत. ती पैठणला मिळाली म्हणून 'पैठणची चित्रं' म्हणून प्रसिद्ध झाली. चित्रं होती, ती पुढ्यात ठेवून गाणारा गळा तिथे नव्हता. तशीच चित्रं समोर धरून गाणारी माणसं पिंगुळीत हयात होती. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन या जर्मन विदुषीचा पिंगुळीच्या चित्रांतल्या कथनावरचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. चित्र काय आहे हे पाहणं वेगळं, ते चालतं कसं हे पाहणं वेगळं.

पडद्यामागचं बघायचं असेल तर पिंगुळीसारखी जागा नाही. इथल्या गुढीपूर वाडीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्याचं नाव. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या बाहुल्यांसमोर गाव रात्रभर बसायचं, त्यांच्याकडे गावाची पाठ फिरली असताना, लोकांनी मागच्या बाजूने येऊन बघावं असं घर त्यांनी उघडून ठेवलं. गोठ्यात! मला तर त्या एका कल्पनेसाठीच पद्मश्री द्यावीशी वाटते.

गेल्या मे महिन्यात ठाण्याची भाची आजोळी आली होती. नऊ वर्षांची. तिला तिथे घेऊन गेलो. वाटेत "तो तर त्यांच्या हातातलं कळसूत्री बाहुलं आहे" असं मी कोणा पुढाऱ्याबद्दल फोनवर बोललो, तर तिने कळसूत्री म्हणजे काय ते विचारलं. कळ आणि सूत्र, सांगितलं. दोरी ओढली की हलतं ते. आणि दोरी धरतो तो सूत्रधार. संस्कृत नाटकातला सूत्रधार मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणाराच असावा, असा तर्क रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० च्या सुमारास मांडला होता. पंडित अजून त्यावर वाद घालतात. भाचीने वाद घातला नाही. तिने विचारलं, "मग दोरी धरणाऱ्याला कोण धरतं?" मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

तिथे तिला एक बाहुली हातात मिळाली, समजावून कोणी काही सांगितलं नाही, आणि तेच बरं झालं. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं होतं. त्यात चार करामती लपवलेल्या. काही मुलांना बाईंनी एक करामत नीट शिकवली, काहींना शिकवलं नाही. शिकवलेली मुलं तेवढी एकच करून दाखवत बसली. बाकीच्यांनी खेळणं उलटंपालटं करून जास्त शोध घेतला. शिक्षक असलेल्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते नाराज होतात.

खरी मजा घरी आल्यावर झाली. वळीव कोसळला, लाईट गेली. भाचीने बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून दहा तोंडांचा रावण केला, आजीचं जुनं पांढरं लुगडं दारात टांगलं. चामड्याच्या बाहुल्यांत दागिन्यांसाठी टोचलेली भोकं तिने पाहिली होती, म्हणून दाभणाने प्रत्येक मुकुटात एक भोक. माझी आई मोठ्या मनाची. तिने समईच्या पाचही वाती लावल्या. पडद्यावर पाच रावण, एकमेकांत मिसळलेले. दहा तोंडांची पन्नास! भाची हिरमुसली, मग तिने एकेक वात विझवत नेली आणि एक ठेवली. तेव्हा रावण एक झाला.

मग तो मोठा कसा करायचा. पुठ्ठा पडद्याजवळ असला की रावण पुठ्ठ्याएवढा. समईकडे नेला की वाढतो. पडदा समईपासून चार हातांवर असेल आणि पुठ्ठा दोन हातांवर, तर सावली दुप्पट. एका हातावर आणला तर चौपट. पण वाढता वाढता कडा विरत जातात, कारण ज्योत म्हणजे टिंब नव्हे, तिला उंची-रुंदी आहे. माझ्या मोबाइलचा टॉर्च लावून पाहिला: कडा धारदार, पण रावण मेल्यासारखा स्थिर. ज्योतीच्या उजेडात तो श्वास घेत होता. भाचीने टॉर्च परत केला.

आणि मग ती ओरडली. रावणाला मागे मागे नेताना त्याच्या काळ्या सावलीतले दागिने बदलले होते. दाभणाची गोल भोकं गोल राहिली नव्हती. दहा मुकुटांत दहा लहानशा ज्योती जळत होत्या, आणि सगळ्या उलट्या, शेंड्या खाली!

हे भूत फार जुनं आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या प्रश्नांच्या ग्रंथात एक प्रश्न असा आहे की चौकोनी भोकातून आलेलं ऊन जमिनीवर गोल का पडतं. तो शेकडो वर्षं माणसांना छळत राहिला. १६०० सालच्या जुलैमध्ये योहानेस केप्लरने ग्राझ शहरात भोकातून पाडलेल्या प्रतिमेत सूर्यग्रहण मोजलं, आणि अशा प्रतिमेवर कितपत भरवसा ठेवायचा या फेऱ्यात सापडला. त्याने केलं ते ऐका. प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या जागी उंचावर एक पुस्तक ठेवलं. खाली जमीन, मध्ये अनेक कोनांचं भोक पाडलेली फळी. पुस्तकाच्या कोपऱ्यापासून एक दोरा भोकाच्या कडेला घासून जमिनीपर्यंत ताणला आणि कडेकडेने फिरवत खडूने आकृती काढली. भोकाची आकृती उमटली. मग दुसरा कोपरा, मग तिसरा, मग पुस्तकाच्या कडा. भोकाच्या अशा कितीतरी आकृत्या एकमेकींवर पडत गेल्या आणि त्या सगळ्यांची मिळून जमिनीवर पुस्तकाची आकृती झाली. प्रकाशाचा प्रत्येक बिंदू भोकाचा आपापला ठिपका टाकतो. वरच्या बिंदूचा खाली, खालच्याचा वर. १६०४ मध्ये त्याने ते छापलं. प्रकाशाचं कोडं दोऱ्याने सुटलं! पिंगुळीकरांना यात नवल वाटायचं कारण नाही, मी मात्र हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ओटीवर फेऱ्या मारल्या होत्या.

भाचीला मी पुस्तक-दोरा सांगितला नाही. फक्त एवढं म्हटलं की २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं, तेव्हा आपल्या आंब्याखालचे उन्हाचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. "म्हणजे एरवी गोल असतात ते सूर्य असतात?" तिने विचारलं. आईने हातातलं नारळ खोवणं थांबवलं. ती सत्तर वर्षं त्या सूर्यांवरून झाडू मारत आली होती.

भाची ठाण्याला परतली. परवा रात्री तिचा फोन आला. "मामा, ट्यूबलाइटखाली पेन्सिल धर. ट्यूबच्या रेषेत धरलीस की सावली पडते. आता आडवी फिरव. सावली गेली. कुठे गेली?"

मी म्हटलं, सांगतो. फोन ठेवला, चष्मा लावला, कपाटातून पेन्सिल काढली. आई दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मगे काय झाला?"

"थांब," मी म्हटलं, आणि पेन्सिल फिरवली.